गाडीला फास्ट स्टेअरिंग रॅक बसवून घेतला: चोर्ला घाट, हायवे आणि बेळगावच्या गल्ल्या, सात महिन्यांचा अनुभव

घरची हॅचबॅक १६ वर्षं जुनी, खालचं मॉडेल, पॉवर स्टेअरिंग नसलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही कारण नाव घातलं की सगळे गाडीवर बोलायला लागतात आणि मला बोलायचंय रॅकवर, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवी सरकून पुढची चाकं वळवणारा जो दातांचा दांडा असतो त्यावर. सात महिन्यांपूर्वी ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा हायड्रॉलिक पॉवर रॅक बसवून घेतला, उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाकडनं पुढं गेल्यावर लेथ आणि हायड्रॉलिक्सची शेडं लागतात ना, तिथल्याच एका छोट्या शेडात. तेव्हापासून साधारण ८ हजार किलोमीटर झालेत, म्हणून आता लिहितोय, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

कशासाठी केलं ते आधी सांगतो. बहीण गोव्यात साखळीला दिलीय, त्यामुळं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता महिन्यातनं दोनदा तरी होतोच. जुन्या रॅकला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंगचे पूर्ण चार फेरे. घाटातल्या मोठ्या वळणाला सव्वा फेरा मारायचा, मग तो सगळा परत सोडायचा, तोपर्यंत पुढचं उलटं वळण तोंडावर, हात एकमेकांवरनं जाणार, आणि त्यात समोरनं टेम्पो आला की नेमका हात कुठं होता आणि चाक सरळ कधी होणार ह्याचा हिशेब डोक्यात चालू. उतरून बहिणीच्या दारात गाडी लावली की खांदे भरून आलेले असायचे. मला वाटलं जडपणामुळं होतंय. मेस्त्रींनी पहिल्यांदा विचारलं तेच बरोबर विचारलं, "हलकं पाहिजे का फास्ट पाहिजे? दोन वेगळ्या गोष्टी हायत त्या."

तोपर्यंत मी पॉवर स्टेअरिंग म्हणजे हलकं एवढंच धरून चाललो होतो. फास्ट म्हणजे काय ते त्यांनी टेबलावर दाखवलं आणि माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात भारी अर्धा तास तोच. जुना रॅक काढून बेंचवर ठेवला, बाजूला वरच्या मॉडेलचा. दोन्हींच्या पिनियनच्या (स्टेअरिंगनं फिरणारं, रॅकच्या दातांत बसणारं छोटं दातांचं चाक) दांड्यावर खडूनं रेघ मारली, रॅकच्या टोकाशी स्टीलची फुटपट्टी लावली आणि म्हणाले, फिरव एक फेरा. जुन्याचा दांडा सरकला ३४ मिलिमीटर. वरच्या मॉडेलचा ४३. बस्स, एवढाच फरक, नऊ मिलिमीटर, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. पिनियनला दात जास्त, म्हणून एका फेऱ्यात तो दांडा जास्त ढकलतो. एकूण सरकणं मात्र दोन्हींचं सारखं, १३७ च्या आसपास, म्हणजे चाक तेवढंच वळणार, वळायला जागा तेवढीच लागणार, फक्त आधी चार फेऱ्यांत होणारं काम आता सव्वातीनला जरा कमी फेऱ्यांत होणार. स्टेअरिंग किती अंश फिरवल्यावर चाक एक अंश वळतं, त्याला रेशो म्हणतात, तो आमच्या गाडीत साधारण २० ला १ होता तो १६ ला १ वर आला. बाहेरच्या बऱ्याच फॅमिली गाड्या ह्याच १५-१८ च्या पट्ट्यात असतात, म्हणजे मी काही रेसची गाडी केली नाही, बिनपॉवरच्या गाडीला नेहमीच्या गाडीच्या बरोबरीला आणलं.

मग कंपनीनं आधीच फास्ट रॅक का दिला नाही? त्याचंही उत्तर त्या नऊ मिलिमीटरमध्येच आहे. एका फेऱ्यात दांडा जास्त ढकलायचा तर हाताला जोरही त्याच प्रमाणात जास्त लागणार, ४३ भागिले ३४, म्हणजे पाव पटीहून जरा जास्तच. पॉवर नसताना तो जोर माणसाच्याच हातातनं यायचा, पार्किंगला आजी-आजोबांना पण फिरवता आलं पाहिजे, म्हणून बिनपॉवरच्या गाड्यांना मुद्दाम स्लो रॅक. जुन्या लाल बसचा ड्रायव्हर ते मोठं चाक दोन्ही हातांनी ओढत किती फेरे मारायचा आठवतंय ना, ते पण त्यामुळंच. म्हणून फास्ट रॅक घातला आणि ऑइलच्या दाबानं हाताला मदत करणारा पंप घातला नाही असं अर्धं काम कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर करू नका, गल्लीत गाडी लावताना रडू येईल. आम्ही पंप, पुली, पाइपा, ऑइलचा डबा, सगळं वरच्या मॉडेलचंच घातलं.

आता चालवून कसं वाटलं. गावात पहिल्याच दिवशी फरक कळला, खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूरचा बाजार, तिथं दर पन्नास फुटाला कोणीतरी दुचाकी आडवी लावलेली असते, एका हातानं वळतंय, सुख आहे, ह्यावर जास्त लिहायची गरज नाही.

घाटात फरक कुठं पडतो ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी निघालं. मला वाटायचं मोठ्या वळणांना मजा येईल. तिथं सव्वा फेऱ्याचा एक फेरा झाला, ठीक आहे, हात तरी पण बदलावे लागतातच. खरा फायदा मधल्या वळणांना. कणकुंबीच्या अलीकडं पलीकडं जंगलातनं जो रस्ता डावी-उजवी डावी-उजवी करत जातो, तिथं आधी स्टेअरिंग अर्ध्या फेऱ्याच्या जरासं पुढं जायचं, म्हणजे हात जागेवरनं काढावाच लागायचा. आता तेच वळण अर्ध्या फेऱ्याच्या आत बसतंय. दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर तसेच, कुठंही सोडायचे नाहीत, आणि हात जिथं आहेत त्यावरनं बघायला न लागता कळतं की पुढची चाकं किती वळलीत. हे एक कळणं माझ्यासाठी अख्ख्या खर्चाच्या तोडीचं आहे. खांदे भरत नाहीत ते पण ह्यामुळंच, जोर कमी झाल्यापेक्षा हात सारखे उचलून परत ठेवायचे बंद झाले म्हणून.

पण पहिले पंधरा दिवस गाडी मीच वाईट चालवली हे पण खरं. हाताला सवय चार फेऱ्यांची, तो आपला जुन्या अंदाजानं फिरवणार, गाडी जास्त वळणार, मग परत उलटं सोडायचं. आईला घाट लागतो, जुन्या गाडीत जांबोटीपर्यंत तरी बरी असायची, नवीन रॅक घालून पहिल्यांदा गेलो तेव्हा बैलूरच्या फाट्याच्या आधीच खिडकी उघडायला लावली. गाडी तीच, सस्पेन्शन तेच, माझा हात झटके देत होता. मग वळणाच्या आधी वेग उतरवायचा, स्टेअरिंग एकदाच आणि सावकाश घालायचं, धरून ठेवायचं, असं मुद्दाम शिकलो. गेल्या महिन्यात आई साखळीपर्यंत झोपून आली.

हायवेचा विषय वेगळा आहे आणि इथं लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो. कामानिमित्त संकेश्वर, निपाणी आठवड्याला होतं, काकतीच्या पुढं वंटमुरीचा घाट, मग सरळच सरळ. सरळ रस्त्यावर ९०-१०० ला हाताची हालचाल असते किती, एक-दोन अंश. तेवढ्याच हालचालीला गाडी ४० च्या वेगात जेवढी सरकते त्यापेक्षा १०० ला कितीतरी जास्त सरकते, आणि रॅक फास्ट असला की त्यात अजून पाव पट भर. म्हणून फास्ट रॅकची गाडी हायवेला दचकल्यासारखी वाटू शकते, शिंक आली तर लेन बदलते म्हणतात तसं. माझी पहिल्या दोन आठवड्यात तशीच होती. संध्याकाळचा हत्तरगीच्या पुढं होतो, उसाचा सीझन, पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला, अगदी जवळ गेल्यावर दिसला. ब्रेक मारून वेग उतरला म्हणून वाचलो, स्टेअरिंग मी उजवीकडं घातलं ते पाहिजे त्यापेक्षा जास्त गेलं, मागची बाजू हलली, परत डावीकडं आणावी लागली. म्हणजे फास्ट रॅक असला की आयत्या वेळी गाडी चटकन बाजूला घेता येते असं जे म्हणतात ते हात शिकलेला असेल तरच.

आणि एक अजून, रॅक बदलून गाडीची पकड बदलत नाही. रस्त्याला धरतात ते टायर. रॅक फक्त तुमचा निरोप चाकापर्यंत लवकर पोचवतो, पुढं टायरची भिंत वाकणार, बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं) दबणार, बॉडी कलणार, मग गाडी वळणार. हे सगळं ढिलं असेल तर हात आपलं काम संपवून बसलाय आणि गाडी अजून विचार करतेय असं होतं, मग माणूस अजून थोडं फिरवतो आणि तेवढ्यात आधीचं येऊन पोचतं. स्लो रॅकमध्ये हा उशीर झाकला जायचा कारण आपला हातच उशिरा पोचायचा. मेस्त्री म्हणालेच होते, "आधी खालचं सगळं करून घे की. रॅक फास्ट आणि बुश गेलेले, मग रस्त्यावर मलाच शिव्या घालशील बघ." तेव्हा लोअर आर्मचे बुश, दोन्ही बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते गोल सांधे) बदलले, टायर पाच वर्षांचे झालेले, नक्षी शिल्लक होती पण रबर दगडासारखं, ते पण बदलले. साइज कंपनीचीच ठेवली. खरं सांगायचं तर गाडी अर्धी सुधारली ती इथंच, रॅक घालायच्या आधी.

आता तक्रार. रॅक बसवल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ लावून घेणं, दुसरीकडं करून घ्यावी लागली, शेडात ते मशीन नाही. गावातल्या एका ठिकाणी नेली. गाडी सरळ जात होती पण स्टेअरिंग जरा तिरकं राहत होतं, तर तिथल्या पोरानं काय केलं, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंत जाणारी सळई) फिरवून दोन्ही बाजू सारख्या करायच्या सोडून स्टेअरिंगच काढलं, स्टेअरिंगच्या दांड्याच्या दातावर सरळ करून परत बसवलं आणि झालं म्हणाला. दिसायला एकदम सरळ. मला कळलं गोगटे सर्कलला यू-टर्न मारताना, डावीकडं गाडी नेहमीसारखी वळतेय, उजवीकडं एका दमात बसतच नाही. घरी येऊन मोजलं, मधनं डावीकडं पावणेदोन फेरे, उजवीकडं दीडला पण कमी. रॅक मध्यावर नव्हताच. परत उद्यमबागेत गेलो, मेस्त्रींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले, बरोबर अर्ध्यावर रॅक आणला, मग स्टेअरिंग सरळ बसवलं, मग सांगितलं की आता हे हलवायचं नाही, फक्त टाय रॉड फिरवून टो सेट करून आण, दुसरीकडनं. समोरची चाकं किंचित आत, टो-इन, एवढं केलं आणि हायवेवरचं ते दचकणं निम्म्यावर आलं. म्हणून तुम्ही कुठंही अलाइनमेंट केली तरी घरी येऊन दोन्हीकडचे फेरे मोजाच, दोन मिनिटं लागतात, उपकरण काही लागत नाही.

उरलेलं दचकणं गेलं ते रॅकच्या नटामुळं. रॅकच्या मागं एक स्प्रिंग आणि त्यावर मोठा नट असतो, तो दांड्याला पिनियनवर दाबून धरतो. खडखड आवाज आला की आपल्याकडं "रॅक टाईट करून देतो" म्हणतात ते हेच. सैल असला की मध्यावर खेळ, हात हलतो आणि काहीच होत नाही. जास्त आवळला की खेळ जातो पण वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, मध्ये चिकटल्यासारखं राहतं, आणि तेव्हा सरळ रस्त्यावर सारखं इकडं-तिकडं करत बसावं लागतं. मेस्त्रींनी तो आवळला, मग थोडा मागं सोडला, गाडी मारून आले, परत अजून इतकासा सोडला, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटाएवढा. तीन वेळा गाडी मारून आले. हे काम करणाऱ्या माणसाला फील म्हणजे काय ते कळतं, कागदावरच्या रेशोत ते येत नाही.

फीलबद्दल थोडं. बिनपॉवरच्या रॅकमध्ये रस्त्यावरची बारीक खडी पण हाताला कळायची, ते आता कमी झालं, मध्ये ऑइल आहे, थोडं गिळतंच. पण आताच्या कितीतरी इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये जो टीव्हीवरच्या गेमसारखा हलकेपणा असतो तसलं नाही, वळणात वेग जास्त झाला की हाताला वजन येतं, पावसात चोर्ल्याला पुढची चाकं सुटायला लागली की ते वजन एकदम हलकं होतं, आणि ते वेळेवर कळतं. मी ह्यावर खूश आहे. फास्ट असणं आणि बोलकं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी, हे मला ह्या गाडीनं शिकवलं. मामेभावाची नवीन गाडी माझ्यापेक्षा फास्ट आहे, पण हातात काहीच सांगत नाही.

हायवेला शांत आणि घाटात फास्ट असं दोन्ही पाहिजे असेल तर व्हेरिएबल रेशोचा रॅक असतो, त्यात दांड्यावरचे दात मध्ये वेगळे आणि टोकाला वेगळे कापलेले, मध्ये सावकाश, कडेला फास्ट. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर बिशप ह्या इंजिनिअरनं आयुष्य ह्याच दातांवर घालवलं. होंडानं तर २००० साली एस२००० च्या टाइप व्ही मध्ये वेगाप्रमाणं रेशो बदलणारी सिस्टीम दिली, टोक ते टोक फक्त १.४ फेरे. आमच्या गाडीला असलं काही मिळत नाही, आणि कोणी लेथवर दुसरा पिनियन कापून देतो म्हणाला तर कृपा करून घेऊ नका. बेळगावात लेथवर काय होत नाही विचारा, पण पिनियनच्या दातांचं हार्डनिंग चुकलं आणि तो घाटात तुटला तर पुढं बोलायला कोणी राहत नाही. तसंच स्टेअरिंगच्या कुठल्याच पार्टला वेल्डिंग नको. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा पार्ट त्याच बोल्टवर बसतोय, टाय रॉडची लांबी जुळतेय, तरच करा. लांबी किंवा उंची जुळली नाही तर खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप वळते, हात न लावता.

लहान स्टेअरिंग बसवून फास्ट होईल असं पण खूप जण विचारतात. फेरे तेवढेच राहतात, फक्त जड होतं.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. आपल्याकडं घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडायची सवय अजून आहे. मेस्त्रींनी मला शेडाच्या अंगणात इंजिन बंद करून गाडी ढकलायला लावली आणि स्टेअरिंग फिरव म्हणाले. पॉवर गेल्यावर हा फास्ट रॅक माझ्या जुन्या रॅकपेक्षा पण जड आहे, पाव पट जास्त जोर आणि वर ऑइलचा अडथळा. पंपाचा पट्टा तुटला तरी हेच होणार. म्हणून पट्टा नवीन घातला, जुना डिकीत ठेवलाय, आणि घरात सगळ्यांना एकदा इंजिन बंद करून फिरवायला लावलंय म्हणजे आयत्या वेळी घाबरायला होणार नाही.

खर्च: रॅक, पंप, पाइपा मिळून जुन्या बाजारातनं ७ हजार, सील किट आणि ऑइल १,६००, मजुरी ४ हजार, दोन वेळची अलाइनमेंट वेगळी. बुश, बॉल जॉइंट आणि टायर ह्यात धरलेले नाहीत, ते नाहीतरी करायचेच होते. दोन दिवस म्हणाले होते, चार लागले, कारण पहिल्या पंपाचं सील गळत होतं आणि त्यांनी स्वतःच गाडी द्यायला नकार दिला. मला त्या दिवशी राग आला होता, गोव्याला जायचं होतं. आता नाही.

ज्यांची गाडी फक्त गावात आणि सरळ हायवेला आहे त्यांनी हा खर्च करू नये, हलकं पाहिजे असेल तर हवा बरोबर ठेवा, बॉल जॉइंट बघा, निम्मा जडपणा तिथंच जाईल. पण खानापूर, जांबोटी, चंदगड, आंबोली ह्या बाजूला ज्यांचं सारखं जाणं आहे आणि गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायचीय, त्यांनी करावं.

मेस्त्रींकडं जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी ते बाहेरच्या कामाला असतात. मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं. ५०० किलोमीटरनंतर परत बोलवतात, रॅकच्या दोन्ही बाजूचे रबरी बूट फाटलेत का आणि आत ऑइल आलंय का ते बघायला, त्याचे पैसे घेत नाहीत. माझा डाव्या बाजूचा बूट तेव्हाच बदलला, क्लिप सैल होती, घाटातली लाल माती आत जायला सुरुवात झाली होती.